पात्यावरची हळद

तायडे मिस्त्री आमच्याकडे जेवायला यायला लागला, त्या वर्षी आमच्या सुशीलेनं तांदूळ निवडायचं सोडून दिलं. ती सूप घेऊन ओट्यावर यायची, मिस्त्री तिथं आधीच टेकलेला असायचा. ती सूप त्याच्या पुढ्यात सारून आत निघून जायची. मिस्त्री तांदळाकडं बघायचाही नाही. रस्त्यानं कोण चाललंय ते बघायचा, माझ्याशी गप्पा छाटायचा आणि बोटं मात्र सुपात चालत राहायची. मध्येच एखादा खडा उचलून तो सदऱ्याच्या खिशात टाकायचा. "वयनी, हा दुकानदार तुम्हाले तांदूळ नाही, मुरूम विकून राह्यला," असं आत ओरडून सांगायचा. घरात पाळण्यात लेकरू होतं, सुशीलेला हात कमी पडत होते, त्यामुळं तिला हा माणूस देवानंच धाडला असं वाटायचं. मिस्त्रीला ते म्हटलेलं चालायचं नाही. छप्पन साली नागपुरास जाऊन आल्यापासून त्यानं देवाचा आणि स्वतःचा हिशेब संपवून टाकला होता.

गावात चार जणांनी सुशीलेला विचारलंच, की तुमच्या ओट्यावर हा पंक्तीला कसा बसतो. ती म्हणाली, "तांदूळ निवडून द्या, तुम्हीही बसा." त्यानंतर कोणी विचारलं नाही.

ही साठ सालानंतरची, दिग्रसहून आर्णीकडं जाताना मध्ये लागणाऱ्या आमच्या गावची गोष्ट. कपाशीवर अळी पडली की विमानानं औषध फवारायचं, असा नवा उद्योग तेव्हा निघाला होता. बंजाऱ्यांच्या तांड्याजवळचं पडीक माळरान साफ करून, मुरूम दाबून विमान उतरायची पट्टी केली होती. विमान म्हणजे काय, एका माणसाचं, कापडा-पत्र्याचं, पोटात औषधाची टाकी घेतलेलं चिमुकलं यंत्र. ते उडवायला पंजाबकडचा एक तरुण कॅप्टन होता, नुकतं लग्न झालेला. ते नीट ठेवायला तायडे मिस्त्री होता. मी शेतकी खात्यातला. शेताच्या कडेला उभा राहून झेंडा हलवायचा आणि औषधानं भिजून घरी यायचं, हे माझं काम. नोकरीला लागलो तेव्हा आईनं पेढे वाटले होते, तिला हे काम कधी सांगितलं नाही.

मिस्त्रीचं आणि खड्याचं वैर जुनं होतं. लढाईच्या काळात नागपूरकडच्या विमानतळावर तो खडे वेचायच्या कामाला लागला, आणि तिथूनच वर चढत मिस्त्री झाला. विमान धावायला लागलं की पुढचा पंखा जमिनीवरचे खडे ओढून घेतो, आणि खडा पात्याच्या धारेवर आपटतो. त्यामुळं खडा कुठंही दिसो, मिस्त्री तो उचलायचा. पट्टीवरचा उचलायचा, आमच्या अंगणातला उचलायचा, एकदा तर एका लग्नात नवरदेवाच्या घोड्यापुढचा उचलला आणि घोडा बिचकला. संध्याकाळी त्याचा खिसा लोंबत असायचा. उचललेला खडा खिशात टाकला की वरून एकदा हात फिरवायचा, पोराच्या डोक्यावरून फिरवावा तसा.

दुसरं वैर पंख्याशी. फिरणाऱ्या पंख्याच्या रेषेत उभं राहायचं नाही, हा त्याचा धर्म. एकदा तालुक्याच्या कचेरीत काम होतं. साहेबांच्या टेबलावर पंखा फिरत होता आणि साहेब मिस्त्रीला "इकडं या" म्हणत होते. मिस्त्री भिंतीला घासत, पंख्याला वळसा घालून, साहेबांच्या पाठीमागून प्रकट झाला. साहेब घाबरून उभे राहिले. मिस्त्री म्हणाला, "बसा साहेब. तुम्ही त्याच्या समोर बसता, म्हणून म्या मागून आलो. दोघं गेलो तर कागदावर सही कोण करन?" आमचं काम त्या दिवशी झालं नाही.

पण त्याला बघावं तर सकाळी, पात्यापाशी. ऊन तिरपं असतानाच तो पट्टीवर जायचा. आधी कॅप्टनकडून इंजिनाची चावी घेऊन दातांत धरायची. चावी माझ्या तोंडात आहे तोवर जगातला कोणी इंजिन चालू करू शकत नाही, हा त्यातला अर्थ. त्यामुळं त्या वेळात कोणी काही विचारलं तर उत्तर मिळायचं नाही, नुसती चावी हलायची. मग घासलेटात भिजवलेल्या फडक्यानं दोन्ही पाती पुसायची. एक डोळा मिटून धारेवरून नजर टाकायची. आणि शेवटी बोट. करंगळीशेजारचं, ज्यानं बायका कुंकू लावतात ते. बाकीची बोटं कानस चालवून राठ झाली होती; हे एकच त्यानं कामाला न लावता जपलेलं होतं. मुळापासून टोकापर्यंत, पुढून आणि मागून, ते बोट सावकाश फिरायचं आणि त्याचं नख धारेला आडवं जायचं. नख अडकलं की मिस्त्री थांबायचा.

खाच केवढीशी असते, म्हणून मी एकदा हसलो होतो. तो म्हणाला, "भाऊ, वयनी कापड फाडते तवा पयले दातानं काठ तोडते ना? मंग ते हातानं सरसर फाटत जाते. खडा म्हणजे दात समजा." खाच पडली की पातं फिरताना सगळा ताण तिथं येऊन बसतो, तिथून केसासारखी भेग निघते. भेग वाढली की तुकडा उडतो, आणि मग राहिलेलं पातं इंजिनाला जागेवरून उखडून काढतं. म्हणून सापडलेली खाच कानशीनं घासून बशीसारखी पसरट करायची, काचकागदानं गुळगुळीत करायची, पुन्हा बोट फिरवायचं. वर गेलेल्या कॅप्टनला हात द्यायला कोणी नसतं.

हे सगळं होईपर्यंत कॅप्टन बूट आपटत फेऱ्या मारायचा. एकदा वारा पडलेला, आभाळ मोकळं, औषध भरलेलं, आणि मिस्त्री एका खाचेशी अडून बसलेला. कॅप्टन चिडून म्हणाला, "मिस्त्री, शादी के लिए लड़की देख रहे हो क्या?" मिस्त्रीनं चावी तोंडातून काढली. "साहेब, लडकी में खोट रही तो मियाँ-बीवी झगडा करेंगे. इसमें खोट रही तो भाभी किससे झगडेगी?"  पुढं कॅप्टनची बायको माहेराहून आली तेव्हा त्यानं ही गोष्ट तिला हसत हसत सांगितली, आणि ती मिस्त्रीला मिठाईचा डबा देऊन गेली. मिस्त्रीनं तो तसाच सुशीलेला आणून दिला.

तपासणी संपली की तो पात्यावर थाप मारायचा आणि म्हणायचा, "पातं म्हणते जा." एवढं ऐकल्याशिवाय कॅप्टन चढायचा नाही. आणि मी कधी विचारलं, की मिस्त्री, पातं खरंच सांगतं का, तर तो म्हणायचा, "पातं खोटं नाही बोलत, भाऊ. खोटं बोललाच तर आपला हात बोलते."

मिस्त्रीची बायको तापानं गेली होती, मूलबाळ नव्हतं. पट्टीच्या कडेला टिनाच्या खोलीत राहायचा. खोलीत एक खाट, हत्यारांची पेटी आणि बुद्धाची तसबीर. विमान आणि आमचा ओटा, याशिवाय त्याला जायला जागा नव्हती. त्याचंही त्याला दुःख दिसायचं नाही. "माह्या बापाले गावात पाय टेकायले जागा नव्हती. मले दोन हायेत," असं म्हणायचा.

त्या वर्षी श्रावणात एक दिवस जेवताना माझ्या दाताखाली खडा आला. मी सुशीलेकडं बघितलं, सुशीलेनं मिस्त्रीकडं. "मिस्त्री, आज तुम्हीही मुरूम विकून राह्यले का?" ती म्हणाली. तो हसला. पण दुसऱ्या दिवशी त्यानं सूप मांडीवर घेतलं तेव्हा तो रस्त्याकडं बघत नव्हता, तांदळाकडं बघत होता. पुढं काही दिवसांनी त्याच्या त्या जपलेल्या बोटावर मोठा फोड दिसला. "कंदिलाच्या काचेचा चटका," म्हणाला. सुशीलेनं विचारलं, "इतका फोड येईपर्यंत हात काढला नाही?" तर म्हणाला, "घासलेटानं बोटं बधिर होतेत, वयनी." मीही तेच खरं मानलं. घासलेटात हात घालणारा माणूस, बोटं बधिर व्हायचीच.

मग पोळा आला. पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडं बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू वाहून खांदा दुखलेला असतो, म्हणून हळद घातलेलं गरम तेल-तूप पळसाच्या पानानं खांद्यावर चोळायचं आणि बैलाच्या कानात सांगायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मिस्त्रीनं दुपारी चारला शेवटच्या उड्डाणानंतर पाती तपासली होती आणि थाप मारली होती. दुसऱ्या दिवशी पोळा असला तरी कॅप्टन उडणार होता, कारण अळी सण बघत नाही. मग मिस्त्री विहिरीवर अंघोळीला गेला.

तो परत येईपर्यंत तांड्याचा गोमा नायक वीस-पंचवीस माणसं, वाजंत्री आणि गोवरीच्या विस्तवाचं घमेलं घेऊन पट्टीवर आला होता. पट्टीचा राखणदार तांड्यातलाच, तो सगळ्यांत पुढं. नायकाचं म्हणणं सरळ होतं. हे यंत्र आमच्या वावरात राबतं. बैलाला आवतन आणि याला नाही, हे बरं दिसत नाही. आता विमानाचा खांदा कोणता? ज्याच्या जोरावर ते ओढतं तो. म्हणून त्यांनी पंख्याची दोन्ही पाती मुळापासून टोकापर्यंत हळदीच्या तेलानं चोळून काढली होती, आणि नायक इंजिनाच्या झाकणाशी तोंड नेऊन म्हणत होता, "आज आवतन घ्या."

मी झेंडे गुंडाळत उभा होतो. मला गंमत वाटत होती. मिस्त्री मात्र ओल्या अंगानं धावत आला.

"नायक, हा बैल नाही. तेलाले धूळ चिकटते, धूळ धार खाते. कायले केलं हे?"

"नाराज नको होऊ, मिस्त्री," नायक म्हणाला. "बैलाची जात नाही पाहात आम्ही. राबणाऱ्याचं कवतिक करतो."

मिस्त्री चारच्या तपासणीपासून जवळच राहिलेली चावी दातांत धरून फडक्यानं पाती पुसायला लागला. वाजंत्री थांबली होती. ऊन उतरलं होतं, पातं चांदीसारखं पुसून निघालं, आणि मुळापासून हातभर वर, आडवी, एक पिवळी रेघ तेवढी राहिली. त्यानं ती पुसली. ती गेली. आम्ही बघत असताना ती पुन्हा उगवली, आतून घाम यावा तशी. पुन्हा पुसली. पुन्हा आली.

मिस्त्रीनं ते बोट रेघेवर ठेवलं. इकडून तिकडं नेलं, तिकडून इकडं आणलं. नख आडवं करून ओढलं. त्याचा चेहरा मी आजही विसरलो नाही. डोळ्यांना दिसत होतं आणि बोटाला काहीच सांगता येत नव्हतं. मग त्यानं चावी तोंडातून काढून माझ्या हातात दिली. आजवर त्यानं ती तपासणीच्या वेळी कोणाच्या हाती दिली नव्हती. वाकला, आणि रेघेवरून ओठ फिरवला. ओठाला ती लागली. तो तिथंच मुरमात खाली बसला.

मला तेव्हा कळलं. तांदळातला खडा, बोटावरचा फोड, सगळं एका ओळीत आलं. 

कॅप्टन आला. रेघ बघून त्याच्या तोंडाचं पाणी पळालं. सकाळी तो याच पात्यावर उडणार होता. आणि एवढ्यात नायकाला साक्षात्कार झाला. "आवतन लागलं," तो म्हणाला. "नंदीनं दाखवलं, साहेब. तुमचा जीव राखला." माणसं चाकापुढं डोकं टेकायला लागली. कोणीतरी दगडावर नारळ फोडला. कॅप्टननं हात जोडले. "मिस्त्री, भगवान ने बचा लिया," तो म्हणाला. 

त्या माळावर त्या वेळी सगळ्यांत जास्त आनंद मला झाला. कारण देवानं दाखवलं म्हटलं की मिस्त्रीच्या हाताला कोणी काही विचारणार नव्हतं. मी त्याला उठवलं, बाही धरली. "चला मिस्त्री, घरी चला. सुशीला वाट पाहते."

त्यानं बाही सोडवून घेतली. "साहेब, भगवान नई. तेल है. तेल पतला रहता, भेग में घुस जाता. फिर बाहर आता."

"चलो, तेल ही सही," कॅप्टन म्हणाला. "बच गए न."

"चार बजे मैंने हात फिराया था. मैंने बोला, जाओ."

"रह जाता है कभी, मिस्त्री. थके हुए थे." कॅप्टननं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मी मनात म्हणालो, मिस्त्री, आता तरी गप बसा.

तो गप बसला. खांद्यावरचा हात हलकेच बाजूला केला, नायकाच्या घमेल्यापाशी गेला, उकिडवा बसला आणि ते बोट लाल गोवरीवर टेकवलं. टेकवून ठेवलं. तोंडावरची रेष हलली नाही. कातडी जळल्याचा वास आला, तरी तो आमच्याकडंच बघत होता. शेवटी मीच त्याचा हात ओढून काढला.

कातडी जळावी आणि कळू नये, आमच्या भागात याचा अर्थ लहान पोरालाही कळतो. नायक दोन पावलं मागं सरकला. मग बाकीचे सरकले. त्यांच्यात नुसती वाईट माणसं होती असं नाही, पण सगळेच सरकले. मिस्त्री म्हणाला, "माह्या चुलत्याचं असंच झालतं. बोटापासूनच." रोगाचं नाव त्यानंही घेतलं नाही.

रात्र पडायच्या आत मी त्याला विचारलं. रागानंच विचारलं. "काहून केलं हे? नंदीनं दाखवलं म्हणतलं असतं तर काय बिघडत होतं? देव नका मानू, पण लोकांले मानू द्यायचा होता."

"मंग परवा सकाळी पुन्हा माहाच हात पात्यावर असता," तो म्हणाला. "अन् पोळा वर्षातून एकदाच येते, भाऊ."

दुसऱ्या दिवशी पोळ्याचं जेवण होतं. मिस्त्री आला, पण ओट्यावर चढला नाही. अंगणाच्या टोकाला लिंबाखाली बसला. सुशीला कपात चहा घेऊन निघाली तेव्हा त्यानं पिशवीतून अर्धी करवंटी काढून पुढं ठेवली. काल पट्टीवर फुटलेल्या नारळाचीच ती होती.

"वयनी, यात ओता."

"माह्या घरी करवंटीत कोणी चहा पेत नाही."

"माहा बाप जलमभर करवंटीत पेला. कोणी वरून ओते, तो खाली बसून पे. म्या छप्पन साली ती फोडली होती. आता ही मले कोणी देल्ली नाही, म्याच उचलली. ओता."

सुशीला हटवादी. ती कप पुढं धरून तशीच उभी राहिली. मिस्त्री म्हणाला, "घरात लेकरू हाय तुमचं." तिनं वळून दारातून आत पाळण्याकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग वाकून करवंटीत चहा ओतला. आत आल्यावर तिनं चुलीपुढं तोंड करून जो हंबरडा फोडला, तो ऐकून लेकरू जागं झालं.   गावातल्या चार जणांना गप्प करून मिस्त्रीला ओट्यावर बसवणारी बाई ती, तिचीही ताकद पाळण्यापाशी संपली.

कॅप्टन चांगला माणूस होता. नोकरीतून काढल्याचं त्यानं तोंडानं सांगितलं नाही. नागपूरहून नवा पंखा आला, त्याच गाडीतून नवा मिस्त्री आला, आणि तायडे मिस्त्रीला ते बघून कळलं. त्याच्या हत्यारांच्या पेटीला हात लावायला नवा मिस्त्री तयार होईना. ती टिनाच्या खोलीतच राहिली. विहिरीवर कोणी त्याला अडवलं नाही. तो आला की बायका घागरी उचलून जायच्या. एकदा माणसात घेतलेल्या माणसाला परत बाहेर काढायला आमच्या गावाला आठवडा पुरला.

वर्ध्याकडं महारोग्यांची वसाहत होती, तिथं जायचं त्यानं ठरवलं. मी म्हणालो, गोळ्या निघाल्या आहेत, बरं होतं आता. "होत असन," तो म्हणाला. "मेलेलं बोट काही परत येत नाही." एसटीत बसवायला मी त्याला सडकेपर्यंत घेऊन गेलो, पण कंडक्टरला आधीच कोणीतरी सांगून ठेवलं होतं, त्यानं चढू दिलं नाही. तेव्हा तो पायीच निघाला. मला झेंडे घेऊन पट्टीवर जायचं होतं, आणि त्याची वाटही पट्टीच्या कडेनं होती. आम्ही पट्टीपर्यंत बरोबर चाललो. पुढं येऊ नका, म्हणाला.

विमान उभं होतं. नवा मिस्त्री टॉर्च घेऊन पाती बघत होता, चावी कॅप्टनच्याच हातात होती. तायडे मिस्त्री लांबच थांबला, पंख्याच्या रेषेच्या पार बाहेर. थोडा वेळ त्यानं बघितलं. कॅप्टननं त्याला ओळखलं असावं, त्यानं टोपी काढली. पण तो पुढं आला नाही आणि मिस्त्रीही गेला नाही.

मग तो पट्टीच्या कडेकडेनं चालू लागला. मध्यावर थांबला, वाकला आणि एक खडा उचलला. सरळ होताना तो खडा त्याच्या बोटांमधून निसटून मागं मुरमात पडला. मला दिसला. त्याला कळलं नाही. मिटलेली रिकामी मूठ त्यानं सदऱ्याच्या खिशात घातली, उघडली, बाहेर काढली, खिशावरून नेहमीसारखा एकदा हात फिरवला आणि पुढं चालायला लागला.